घाटमाथा आणि वळिवाचा ढग

येडशीच्या माणसाला वळीव नवा नाही. वैशाखात दिवसभर ऊन तापते. दुपार कलली की बार्शीच्या अंगाला ढग वर चढू लागतो. रामलिंगाच्या घाटमाथ्यावरून खालचा सखल मुलूख लांबवर दिसतो. तिथून येणारा ढग पाहणे ही मोठी मौज आहे. पण ती मौज कुठवर करावी, हे मला एका धनगराने शिकवले.

१९८६ साली मी नवा मास्तर होतो. वैशाखातल्या एका दुपारी आम्ही तिघे मास्तर ढग बघायला माथ्यावर चढलो. तेव्हा घाटातून लहान रुळांची आगगाडी चाले. खाली गाडी, वर काळा ढग! आम्ही एका उंच झाडाखाली बसून शेंगा खात होतो. दूर वीज लवे, पण आवाज येत नसे. मग बारीक गडगड ऐकू येऊ लागली. आम्ही हललो नाही.

ढग दुरून कापसाच्या गंजीसारखा दिसतो. पण त्याची उंची दहा-बारा किलोमीटर असते, कधी त्याहून जास्त. एवढे अंतर चालायला माणसाला दोन-अडीच तास लागतील. ढगाच्या वरच्या भागात इतकी थंडी असते की पाण्याचे बर्फ होते. रानात गारा पडतात त्या तिथल्याच. ढगात वारा जोराने वर जातो. तो बर्फाचे हलके कण वर नेतो. जड गारकण खाली येतात. दोघांची घासाघास होते. थंडीच्या दिवसांत कोरड्या केसांतून फणी फिरवा. मग ती कागदाच्या कपट्याजवळ न्या. कपटा फणीला चिकटतो. घासल्याने फणीत थोडी वीज आली, म्हणून तो चिकटला. ढगात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडते. धन वीज वर साठते, ऋण वीज खाली साठते. साठा फार झाला की ठिणगी उडते. कधी ढगातल्या ढगात, कधी जमिनीवर.

त्या ठिणगीच्या वाटेवरची हवा क्षणात सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट! हवा एकदम फुगते, तोच गडगडाट. उजेड डोळ्याला लगेच पोचतो. आवाज मात्र एका किलोमीटरला तीन सेकंद घेतो. म्हणून वीज चमकली की सावकाश अंक मोजा. नऊला गडगडले तर वीज तीन किलोमीटरवर आहे. आकडा तिसाच्या आत आला की निवारा गाठा. त्या वेळी ढग दहा किलोमीटरच्या आत असतो. पुढची वीज तुमच्या माथ्यावरही पडू शकते.

आम्ही काही मोजले नाही. एक म्हातारा धनगर शेळ्या हाकीत आला. म्हणाला, "मास्तर, हितं कशाला बसलात? उठा, खाली चला." आम्ही हसलो. तो रागावला तेव्हा उठलो. आम्हाला उठवण्यात त्याचा वेळ गेला, आणि चार शेळ्या मागे त्याच झाडाखाली राहिल्या. आम्ही उतारावर थोडे खाली आलो आणि मागे कडाडले. कान बधिर झाले. वळून पाहिले तर झाडाची साल वरपासून खालपर्यंत सोलली होती. चारही शेळ्या गेल्या होत्या.

त्या शेळ्या बुंध्याला शिवलेल्या नव्हत्या. मग मेल्या कशा? झाडावर पडलेली वीज मुळाशी थांबत नाही. ती जमिनीत चारी बाजूंना पसरते. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात. वीज एका पायातून शिरते आणि अंगातून दुसऱ्या पायाने निघते. म्हणून गुरे झाडाला बांधू नयेत. माळावर अडकलात तर दोन्ही पाय जोडून उकिडवे बसा. आडवे पडू नका. बरोबरच्यांपासून लांब राहा. हा अगदी शेवटचा उपाय आहे. खरा निवारा पक्के घर, नाहीतर पत्र्याच्या टपाची बंद मोटार. ट्रॅक्टर आणि उघडी खोपी कामाची नाही. घाटात खाली उतरलात तरी ओढ्याच्या पात्रात थांबू नका, वरचे पाणी लोंढ्याने येते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास निवाऱ्यातून हलू नका.

पायाळू माणसाला वीज ओढते, असे आपल्याकडे म्हणतात. जन्मताना पाय आधी आले की डोके, हे विजेला काय ठाऊक? उंच आणि उघड्यावर काय आहे, तिकडे ती जाते. अमेरिकेत फ्रँकलिनने १७५२ साली पतंग उडवून ढगातली वीज ओळखली. पुढच्याच वर्षी रशियात रिचमन नावाचा पंडित असाच प्रयोग करताना वीज लागून मेला. तो शास्त्रज्ञ होता, तरी विजेने गय केली नाही.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला शिवायला भिऊ नका. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोराने, भराभर दाबत राहा. दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. बरेच जण असे वाचतात.

आता पुण्याच्या हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप काढले आहे. आसपास वीज पडत असेल तर ते मोबाईलवर इशारा देते. घाटातले रानही आता अभयारण्य आहे. वर जायचे तर वनखात्याला विचारून, आणि सकाळीच.

त्या शेळ्यांचे पैसे आम्ही तिघांनी वर्गणी करून धनगराला द्यायला नेले. त्याने निम्मेच घेतले. म्हणाला, "दोन तर माझ्याच चुकीनं मागं राहिल्या." मला ते अजून पटलेले नाही.