बोटीवर चढण्यापूर्वी दवाखान्याची पायरी

लग्न झाले की नवदांपत्याने चार दिवस महाबळेश्वर-पाचगणीला जाऊन यावे, ही आपल्या सातारा-सांगली भागातील जुनी रीत. हल्ली मात्र थंड हवेपेक्षा समुद्राची ओढ वाढलेली दिसते. मिरज, सांगली, कराड, सातारा येथील मुस्लिम कुटुंबांतील नवी जोडपीही माझ्याकडे याविषयी विचारायला येतात. बेट हवे, शिडाच्या होडीतून फेरी हवी, पण जेवण हलाल असावे आणि शेजारच्या टेबलावर दारूच्या बाटल्या नसाव्यात, अशी त्यांची साधी अपेक्षा असते. ती पुरी होणे अवघड नाही. अडचण येते ती वेगळ्याच गोष्टींची. बेटावर डॉक्टर आणि औषधाचे दुकान दोन्ही मोजके असतात आणि नवविवाहितांच्या तक्रारी बहुधा संकोचाच्या असतात. म्हणून निघण्यापूर्वी काय करावे, ते येथे सांगतो.

कोठे जावे?

दोन दिवसांचीच सवड असेल तर मुरूड-जंजिरा जवळ आहे. साताऱ्याहून महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड असे कोकणात उतरता येते. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या किल्ल्यात नेतात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. सिद्दी नवाबांची ही जुनी राजधानी. आजूबाजूला मुस्लिम वस्ती असल्याने हलाल जेवण शोधत हिंडावे लागत नाही. शिवाय मासळीला जबिहाची अट नसते. त्यामुळे किनाऱ्यावर जेवणाचा प्रश्न निम्मा सुटलेलाच असतो.

आठवडाभराची सवड असेल तर लक्षद्वीप पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे ६४ हजार आणि त्यांत ९६ टक्क्यांहून अधिक मुस्लिम. वस्ती दहा बेटांवर आहे. नारळ, भात आणि ट्युना मासा हे तेथील मुख्य अन्न. जाण्यासाठी प्रवेश परवाना लागतो, म्हणून आरक्षणाच्या आधी परवान्याचे काम हाती घ्यावे. कोचीपर्यंत रेल्वेने जाता येते. पुढे अगत्तीला विमान आहे, नाहीतर जहाजाने बेटानुसार साधारण १४ ते १८ तास लागतात. अनेक बेटांपाशी जहाज खोल पाण्यातच थांबते आणि उतारूंना लहान होडीत उतरावे लागते. गरोदर स्त्रियांनी आणि गुडघेदुखी असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. कवरत्तीला रुग्णालय आहे, परंतु गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते.

बोट का लागते?

आपल्या कानाच्या आतील भागात शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय असते. बोट हलते तेव्हा ते मेंदूला "आपण हलतो आहोत" असे कळवते. खोलीत बसलेल्या माणसाचे डोळे मात्र "भिंती स्थिर आहेत" असे सांगतात. या उलटसुलट निरोपांनी मेंदू गोंधळतो आणि मळमळ, घाम, उलट्या सुरू होतात. ज्यांना आंबेनळी किंवा आंबा घाटात गाडी लागते, त्यांना बोटही लागण्याचा संभव अधिक, असे समजून तयारी करावी.

यावरील गोळी बोट सुटण्यापूर्वी घ्यायची असते. सिनारिझिन, प्रोमेथाझिन किंवा डायमेनहायड्रिनेट यांपैकी आपल्याला कोणती चालेल हे डॉक्टरांना विचारावे. सिनारिझिन साधारण दोन तास आधी घेतात. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही आणि तिचा उपयोगही कमी होतो. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून त्यानंतर वाहन चालवू नये व पोहायला उतरू नये. जहाजाच्या मध्यभागी बसावे, दूर क्षितिजाकडे पाहावे, वाचन टाळावे. अगदी उपाशी राहू नये आणि तुडुंब जेवूही नये. आल्याची वडी चघळल्याने काहींना बरे वाटते.

औषध हलाल आहे का?

हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात, आणि तो योग्यच आहे. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते. जिलेटिन जनावरांची हाडे व कातडे यांपासून तयार होते आणि ते कोणत्या जनावराचे हे वेष्टनावरून कळतेच असे नाही. काही पातळ औषधांत अल्कोहोल असते, त्याचे प्रमाण बाटलीवर छापलेले असते. यावर सोपा उपाय म्हणजे चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांना आपली अडचण सांगणे. बहुतेक औषधांना साध्या गोळीचा पर्याय मिळतो, काही कॅप्सूल वनस्पतिजन्य कवचाच्याही येतात. मनात शंका धरून औषध अर्धवट सोडणे मात्र घातक आहे.

संकोचाचे दुखणे

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यांत अनेक तरुणींना लघवीची जळजळ सुरू होते. पुन्हापुन्हा जावेसे वाटते, थेंबथेंब होते, ओटीपोट दुखते. काही मुली याचा अर्थ भलताच लावून मनात कुढतात. नवऱ्यालाही सांगत नाहीत, सासूला तर नाहीच. हा कोणाचा दोष नव्हे आणि चारित्र्याशी याचा काडीचा संबंध नाही. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने शरीरसंबंधाच्या वेळी बाहेरील जंतू सहज आत शिरतात, एवढेच त्याचे कारण.

प्रवासात हे दुखणे बळावते. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने मुली पाणीच पीत नाहीत आणि लघवी तासन् तास रोखून धरतात. जंतू धुऊन जाण्याची वाट त्यामुळे बंद होते. म्हणून पाणी भरपूर प्यावे, लघवी अडवू नये, संबंधानंतर लवकर लघवी करून यावे आणि धुताना पुढून मागे धुवावे. गाडी कोठे थांबवायची हे नवऱ्यानेच आपणहून विचारावे, म्हणजे तिला तोंड उघडावे लागणार नाही. थंडी वाजून ताप आला किंवा पाठीत कुशीला दुखू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बेटावर त्रास झाल्यास काय घ्यायचे, तेही निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

पाळी आणि पाळणा

मासिक पाळी पुढे ढकलण्याची गोळी अनेक जणी दुकानातून परस्पर आणतात. तसे करू नये. रक्तात गुठळी होण्याचा पूर्वेतिहास, यकृताचा विकार किंवा तीव्र अर्धशिशी असलेल्या स्त्रीला ती धोक्याची ठरू शकते. ही गोळी पाळीच्या तारखेपूर्वी काही दिवस सुरू करावी लागते, तेव्हा सल्ला निदान दोन आठवडे आधी घ्यावा.

मूल लवकर नको असेल तर पहिल्या दिवसापासून निरोध वापरणे सर्वांत सोपे. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीने एक लक्षात ठेवावे. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत बोटीमुळे उलटी झाली, तर ती गोळी फुकट गेली असे समजून दुसरी घ्यावी.

ऊन, पाणी आणि प्रवाळ

समुद्रावर वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, पण पाणी आणि पांढरी वाळू यांवरून किरण परततात व कातडी भाजते. अकरा ते चार सावलीत राहावे. अंगभर सैल सुती कपडे उत्तम. जुलाब-उलट्या झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे. चमचा चहाचा घ्यावा.

प्रवाळावर पाय ठेवू नये, जखम चिघळते. कापलेच तर साबण व स्वच्छ पाण्याने भरपूर धुऊन आतील कण काढावेत. धनुर्वाताची लस निघण्यापूर्वी घेतलेली बरी. विषारी माशाचा काटा पायात रुतला, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा तास तरी बुडवून ठेवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. होडीत बसताना जीवरक्षक जाकीट दोघांनीही घालावे, पट्ट व्हायला येत असले तरीही.

सोबत काय न्यावे?

बोट लागण्याची गोळी, पॅरासिटामॉल, जलसंजीवनीची पाकिटे, जखमेचे मलम व पट्टी, नेहमीची औषधे दोन-चार दिवस जादा आणि डॉक्टरांची चिठ्ठी. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, मोठ्या बॅगेत नकोत.

लग्नाच्या धांदलीत दागिने, कपडे, आमंत्रणे यांना वेळ मिळतो. त्यातून अर्धा तास काढून दोघांनी मिळून दवाखान्यात यावे. जे घरी विचारता येत नाही ते येथे विचारावे. बरोबर बसून असे प्रश्न विचारण्याची सवय एकदा लागली, की ती पुढे संसारातही उपयोगी पडते.