एकच आकडा, तीन अर्थ: लग्न रद्द करण्याचा कायदा कसा वाचायचा?

या वेळचा विषय प्रयोगशाळेबाहेरचा आहे. पण मूळ मजकूर स्वतः वाचायचा कंटाळा केला तर काय होतं, याचं इतकं चांगलं उदाहरण मला रसायनशास्त्रातसुद्धा सापडलं नाही.

वसतिगृहात शेजारच्या खोलीतली एक मैत्रीण एका रात्री आली आणि म्हणाली, "तुला पेपर वाचायची सवय आहे ना? मग हा कायदा माझ्यासोबत वाच." तिच्या लग्नाला सहा महिने झाले होते. नवऱ्याचं आधी एक लग्न होऊन घटस्फोट झालेला आहे, हे तिच्यापासून आणि तिच्या घरच्यांपासून लपवलं होतं. पाचव्या महिन्यात ते तिला कळलं आणि ती त्याच आठवड्यात वसतिगृहात परत आली. मामा, काका, ओळखीतले एक जाणकार, सगळ्यांचा सल्ला एकच: "वर्षभर नांदून बघ. वर्षाच्या आत कोर्ट केस घेतच नाही. मग बघू." (हे तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलून.)

हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. तिने तो ऐकला असता, तर तिचा एक हक्क कायमचा गेला असता. कसा, ते बघू.

आधी प्रश्न नीट मांडू

घटस्फोट आणि विवाह रद्द होणं या दोन गोष्टी आपण बोलताना एकत्र करतो. कायदा तसं करत नाही. घटस्फोटात प्रश्न असतो की लग्न झाल्यानंतर काय बिघडलं? छळ झाला का, सोडून दिलं का, वगैरे. विवाह रद्द करण्याच्या अर्जात प्रश्न असतो की लग्न लागलं त्या क्षणी काय परिस्थिती होती? आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्यात प्रक्रिया तपासतात, दुसऱ्यात सुरुवातीची स्थिती. म्हणून "तो नंतर वाईट वागला" हे रद्द करण्याचं कारण होत नाही.

शून्य आणि शून्यकरणीय

आपण हिंदू विवाह कायदा, 1955 घेऊ. यात दोन कप्पे आहेत. वकील सर्रास 'व्हॉइड' आणि 'व्हॉइडेबल' म्हणतात. मराठीत शून्य आणि शून्यकरणीय.

कलम 11 मधला शून्य विवाह म्हणजे जो कायद्याच्या दृष्टीने कधी झालाच नाही. कारणं तीनच: लग्नाच्या वेळी आधीचा जोडीदार हयात असून ते लग्न कायम असणं, निषिद्ध नात्यात लग्न, आणि सपिंड नात्यात लग्न. शेवटच्या दोन्हींत रूढीने मान्यता असेल तर अपवाद होतो. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अनेक समाजांत चालतं, ते याचमुळे.

कलम 12 मधला शून्यकरणीय विवाह मात्र वैध असतो, न्यायालय रद्द करेपर्यंत. अर्जच केला नाही तर तो आयुष्यभर वैध राहतो. कारणं चार: समोरच्या व्यक्तीच्या नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध न होणं, मानसिक आजारामुळे संमती देण्याची किंवा विवाहाची क्षमता नसणं, बळजबरीने किंवा कपटाने संमती घेतलेली असणं, आणि लग्नाच्या वेळी पत्नी दुसऱ्या कुणापासून गरोदर असणं.

कपटाचं कलम 1976 च्या दुरुस्तीने रुंद झालं. आता विधीच्या स्वरूपाबद्दलचं कपट किंवा समोरच्या व्यक्तीबद्दलच्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दलचं कपट, दोन्ही त्यात येतात. पण 'महत्त्वाची' म्हणजे नेमकी कुठली, याची यादी कायद्यात नाही. ते प्रत्येक प्रकरणात न्यायालय ठरवतं. मैत्रिणीच्या नवऱ्याचं पहिलं लग्न कायम असतं, तर तिचं लग्न थेट शून्य ठरलं असतं. ते घटस्फोटाने संपलेलं होतं, म्हणून ती कपटाच्या कप्प्यात आली.

एक सर्रास गैरसमज इथेच काढून टाका. कमी वयात झालेलं लग्न या कायद्याने आपोआप शून्य होत नाही. बालविवाह प्रतिबंध कायदा, 2006 नुसार ते शून्यकरणीय आहे, आणि जी व्यक्ती लग्नाच्या वेळी अल्पवयीन होती तिला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ते रद्द करून मागता येतं.

तीन घड्याळं

आता मुख्य मुद्दा. या कायद्यात 'एक वर्ष' जिथे जिथे येतं, त्यांतली तीन ठिकाणं इथे महत्त्वाची आहेत.

पहिलं, कलम 14: लग्नाच्या तारखेपासून एक वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. असामान्य हालअपेष्टा किंवा दुराचरण असेल तर न्यायालयाच्या परवानगीने आधीही करता येतो. हे घड्याळ सांगतं, 'आधी येऊ नका'.

दुसरं, कलम 12(2) मधलं, बळजबरी आणि कपटासाठीचं: बळजबरी संपल्यापासून किंवा कपट उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. हे घड्याळ सांगतं, 'उशिरा येऊ नका'. ते लग्नाच्या दिवशी सुरू होत नाही, कळलं त्या दिवशी सुरू होतं.

तिसरं, त्याच पोटकलमात, गरोदरपणाच्या कारणासाठी: इथेही उशीर चालत नाही, पण वर्ष मोजायचं ते लग्नाच्या तारखेपासून.

म्हणजे आकडा एकच, पण शून्यबिंदू वेगळा आणि दिशाही वेगळी. मामांनी पहिलं घड्याळ दुसऱ्याच्या जागी लावलं होतं. त्यात आणखी एक अट आहे: कपट कळल्यानंतर अर्जदार पूर्ण संमतीने समोरच्या व्यक्तीसोबत पती-पत्नी म्हणून राहिली, तर असा अर्ज न्यायालयाने विचारातच घेऊ नये, असं कलम सांगतं. 'नांदून बघ' हा सल्ला नेमका या अटीवर जाऊन आदळतो. ती रात्र आम्ही त्या एका वाक्यावर घालवली. सकाळी तिने वकिलांना फोन केला.

नपुंसकत्व आणि मानसिक स्थितीच्या कारणांना कलम 12 मध्ये अशी मुदत नाही, पण विनाकारण उशीर झाला का हे कलम 23 खाली न्यायालय बघतंच.

तीच वस्तुस्थिती, दुसरा कायदा

नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायदा, 1954 खाली लग्न झालं असेल तर कप्पे बदलतात. तिथे नपुंसकत्वामुळे विवाह शून्यकरणीय नाही, थेट शून्य ठरतो. आणि समोरच्याने जाणूनबुजून शरीरसंबंध नाकारणं हे तिथे रद्द करण्याचं कारण आहे; हिंदू विवाह कायद्यात ते या यादीत नाही. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेला वेगळाच नागरी कायदा आहे. त्यामुळे कुठलंही उत्तर ऐकण्याआधी विचारा: कोणत्या कायद्याखाली?

कोर्टात प्रत्यक्ष काय होतं

अर्ज कौटुंबिक न्यायालयात होतो. ते नसेल तिथे दिवाणी न्यायालयात. लग्न जिथे लागलं, समोरची व्यक्ती जिथे राहते, दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले, अशा ठिकाणी तो करता येतो. अर्जदार पत्नी असेल तर ती सध्या राहते तिथेही. मग समन्स, समोरच्याची लेखी कैफियत, समुपदेशकांच्या भेटी, मुद्दे निश्चित करणं, शपथपत्रावर पुरावा, उलटतपासणी, युक्तिवाद आणि शेवटी हुकूमनामा. मागितलं तर सुनावणी बंद दाराआड होते. वैद्यकीय तपासणीचा आदेश न्यायालय देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये स्पष्ट केलं. नकार दिला तर त्यावरून प्रतिकूल निष्कर्ष निघू शकतो.

पुराव्यात सगळ्यात महत्त्वाची ठरते ती तारीख. कपट कधी कळलं? मैत्रिणीकडे त्या दिवशीचे मेसेज होते आणि वसतिगृहाच्या नोंदवहीत परत आल्याची सही होती. लॅबच्या वहीत रोज तारीख घाला म्हणून सर का ओरडतात, ते मला त्या दिवशी पुरतं कळलं.

रद्द झालं म्हणजे सगळं पुसलं गेलं का?

नाही. कलम 16 नुसार शून्य किंवा रद्द झालेल्या विवाहातली मुलं औरसच मानली जातात, आणि आईवडिलांच्या मालमत्तेत त्यांना हक्क असतो. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत पालकाच्या वाट्याला जो हिस्सा येईल त्यातही हा हक्क पोचतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं.

पोटगीचा प्रवास जास्त वळणांचा आहे. 1988 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शून्य विवाहातली दुसरी पत्नी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली 'पत्नी' नाही. 2013 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की पहिलं लग्न लपवून फसवणाऱ्या नवऱ्याला स्वतःच्या लबाडीचा फायदा घेता येणार नाही. आणि 2025 मध्ये, विवाह शून्य ठरला तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली कायम पोटगी मागता येते, असा निर्णय आला. द्यायची की नाही, ते परिस्थिती बघून ठरतं. म्हणजे 1988 चा एकच निकाल वाचून थांबलात, तर तुमचं साहित्य परीक्षण अर्धवट राहिलं.

आपल्या कामासाठी

मी वकील नाही, आणि हा लेख सल्ला नाही. गरज असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पण संशोधनाची तयारी करताना हे लक्षात ठेवा. 'एक वर्ष' हा आकडा त्या घरात सगळ्यांना पाठ होता. तो कुठून मोजायचा, आणि त्याच्या आधी यायचं की नंतर, हे कुणी विचारलं नव्हतं. कुठलाही आकडा उद्धृत करण्याआधी मूळ मजकुरात जाऊन तेवढं तपासा.

मैत्रिणीने मुदतीत अर्ज केला. निकाल लागायचाय, तारखा पडताहेत. लग्न रद्द होईल की नाही ते न्यायालय ठरवेल. पण तिचा प्रश्न निदान ऐकला जातोय.