बऱ्हाणपूरचा कागद (टोळी आणि कायदा : भाग ७)

जामिनाबद्दल या आठवड्यात लिहितो म्हणालो होतो, पण जामीन पुढच्या भागात. मधेच अंतुर्लीच्या बाजूच्या एका केळी उत्पादकाचं पत्र आलं आणि ते वाचल्यावर दुसरं काही लिहवेना.

त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल वर्षात तीनदा कापून नेली. चोर केबल नाल्यात नेऊन जाळतात, तांबं काढून घेतात आणि भंगारात विकतात. मागे काळी राख तेवढी उरते. नवी केबल येऊन जोडली जाईपर्यंत मोटार बंद, आणि मे महिन्यात केळीचं पाणी चार दिवस तुटलं तर काय होतं, हे आपल्या तालुक्यात कुणाला सांगायला नको. तिसऱ्या वेळी दोघं सापडले. त्यातल्या एकावर बऱ्हाणपूरला आधीचेच दोन गुन्हे निघाले. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय : ‘वकीलसाहेब, मोक्क्याला आधीची दोन दोषारोपपत्रं लागतात असं तुम्ही लिहिलंत. मग मध्य प्रदेशातली धरतात का? की इच्छापूर ओलांडून इकडे आला की चोर कोरा?’

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकाला सुचणार नाही. पूर्णाड फाट्यावरून गाडी वळवली की थोड्या वेळात दुसरं राज्य लागतं, हे रोज पाहणाऱ्यालाच तो पडतो. मलाही वकिलीच्या सुरुवातीला पडला होता आणि तेव्हा त्याचं ठाम उत्तर कुणाकडे नव्हतं.

मोक्क्यातली, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यातली, व्याख्या नियमित वाचकांना पाठ झाली असेल. तीन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा दखलपात्र गुन्हा, टोळीचा सदस्य म्हणून किंवा टोळीच्या वतीने केलेला, आणि मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं ‘सक्षम न्यायालयात’ दाखल होऊन त्या न्यायालयाने दखल घेतलेली. सगळं अडलं होतं ते ‘सक्षम न्यायालय’ या दोन शब्दांवर. कायदा १९९९ चा आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाचा. विधिमंडळाचा हात राज्याच्या शिवेपर्यंतच पोचतो, तेव्हा सक्षम न्यायालय म्हणजे महाराष्ट्रातलंच, असा बचाव पक्षाचा युक्तिवाद. ऐकायला तो पटतोही.

याचा निकाल लागला तो दिल्लीमुळे. दिल्लीने २००२ साली आपला मोक्का जसाच्या तसा उचलला. दिल्लीची गत आपल्यासारखीच, किंबहुना जास्त बिकट : एका बाजूला उत्तर प्रदेश, दुसऱ्या बाजूला हरियाणा आणि शीव कुठे सरली ते कळतही नाही. तिथल्या ब्रिजेश सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये दोन गोष्टी सांगितल्या. एक, दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयात दाखल झालेली दोषारोपपत्रंही मोजता येतात, कारण ‘सक्षम न्यायालय’ म्हणजे अमुक राज्यातलंच, असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. दोन, संघटित गुन्हा मात्र कायदा जिथे लागू आहे त्याच हद्दीत घडलेला हवा. म्हणजे बऱ्हाणपूरचा कागद चालतो, पण त्याच्या जोडीला मुक्ताईनगरच्या हद्दीतला गुन्हा असला पाहिजे. नुसते तिकडचे गुन्हे गोळा करून इकडे मोक्का लावता येत नाही.

राज्याचा कायदा शिवेपलीकडच्या गोष्टीकडे कितपत पाहू शकतो, हा वाद तसा जुना आहे, आणि त्याच्या मुळाशी चक्क शब्दकोडी आहेत. बंगळूरहून निघणारं एक साप्ताहिक बक्षिसांची कोडी छापायचं. कोडी तिकडे छापली जायची आणि भरलेले फॉर्म व प्रवेश फी मुंबई राज्यात गोळा व्हायची. मुंबई सरकारने कर लावला, तेव्हा मालक म्हणाले, आमचा धंदा म्हैसूर राज्यात आहे, तुमचा काय संबंध? १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला. राज्याशी पुरेसा आणि खरा धागा जुळत असेल, तर गोष्टीचा काही भाग बाहेर असला म्हणून कायदा लुळा पडत नाही. चमारबागवाला खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. कोड्याचे फॉर्म आणि केबलचं तांबं यांचा तसा काही संबंध नाही, पण तो धागा हाच.

आता पत्रातल्या दोन गुन्ह्यांकडे येऊ. त्यांनी चौकशी करून कळवलंय की बऱ्हाणपूरचा एक गुन्हा मोटारी चोरल्याचा आहे. त्यातही हाच जोडीदार होता आणि दोषारोपपत्र दाखल झालेलं आहे. दुसरा गुन्हा लग्नातल्या मारामारीचा. इथे मोजणी थांबते. मारामारीत डोकं फुटलं असेल, शिक्षाही तीन वर्षांच्या वरची असेल, पण ती टोळीसाठी झालेली नाही आणि तिच्यातून कसला फायदाही मिळवायचा नव्हता. उरला एक कागद, आणि कायदा म्हणतो एकापेक्षा जास्त.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो पोलीस पाटलांपासून कॉलेजातल्या पोरांपर्यंत सगळ्यांकडे आहे. दोन दोषारोपपत्रं प्रत्येक आरोपीवर वेगवेगळी लागतात, असं नाही. ती टोळीच्या नावावर मोजतात. मुंबई उच्च न्यायालयाने गोविंद उभे प्रकरणात २००९ मध्येच हे सांगितलं होतं, आणि गौरी लंकेश खून खटल्यात कर्नाटकच्या अशाच कायद्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणून दुसऱ्या जोडीदाराची कुंडलीही तपासायला हवी. त्याच्यावर याच टोळीचा म्हणून रावेरला किंवा मलकापूरला एखादा खटला असेल, तर एकाचे दोन होतील.

इतकी कागदांची मोजदाद कशाला, असं पत्रलेखकांनी ओझरतं म्हटलंय. ‘गावाला माहीत आहे ना कोण आहेत ते.’ त्यांचा संताप मला कळतो. पण ‘गावाला माहीत आहे’ एवढ्या आधारावर टोळी ठरवण्याचा कायदा या देशात होऊन गेला आहे आणि त्याने काय केलं तेही आपल्यासमोर आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात ‘जमात, टोळी किंवा वर्ग’ असे तीन शब्द एका ओळीत बसवले होते. सरकारने एकदा अधिसूचना काढली की त्या जमातीत जन्मलेलं मूलही नोंदवहीत. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय मुक्काम हलवायचा नाही. खटला नाही, पुरावा नाही, दोषारोपपत्र तर नाहीच. १९११ च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली वसाहत त्यातूनच उभी राहिली. देशभरातून तो गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पारधी आणि इतर विमुक्त समाजांच्या माणसांना आजही पहिल्या संशयाचे धनी व्हावं लागतं, त्याचं मूळ तिथे आहे. माझ्या अशिलांत अशी माणसं होती, ज्यांच्याविरुद्ध ‘सगळ्यांना माहीत होतं’ आणि न्यायालयात एकही साक्षीदार टिकला नाही.

त्या काळाचा एक अवशेष अजून आपल्या रोजच्या कायद्यात आहे. पेपरात ‘टोळी हद्दपार’ अशी बातमी येते, ती बहुतेक वेळा १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ५५ खालची असते. त्या कलमात टोळीची व्याख्या नाही. टोळीच्या ‘हालचालीने किंवा तळाने’ धोका किंवा भीती वाटत असेल, तर तिला पांगवण्याचा अधिकार आहे. ‘तळ’ हा शब्द मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा माझ्या डोळ्यांपुढे माळावरची पालं येतात. आज हे कलम वाळू, मटका, दादागिरी करणाऱ्यांवर वापरलं जातं आणि न्यायालयं आदेशामागची सामग्री कसून तपासतात. तरीही तो शब्द त्या जागी असायला नको, असं माझं स्पष्ट मत आहे. मोक्का कितीही कडक असो (आणि तो फार कडक आहे), त्यात जात, पाल, आडनाव यांना जागा नाही. त्यातली टोळी कागदावर सिद्ध करावी लागते.

मग केळीवाल्याने करायचं काय? १ जुलै २०२४ नंतरची चोरी असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११२ आहे : किरकोळ संघटित गुन्हा. टोळीचा सदस्य म्हणून केलेली चोरी यात येते आणि आधीच्या दोषारोपपत्रांची अट यात नाही. शिक्षा किमान एक वर्ष, जास्तीत जास्त सात. स्पष्टीकरणात वाहनातली, घरातली, दुकानातली चोरी, मालवाहतुकीतली चोरी, खिसेकापूपणा अशी यादी आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत चांगदेवला खिसे कापणारे त्यात नावानिशी बसतात, विहीर मात्र यादीत नाही. म्हणून घाबरायचं कारण नाही. यादी ‘समावेश होतो’ या शब्दांनी सुरू होते, तिने बाकीचं वगळलेलं नाही. उलट साध्या चोरीचं कलम लागलं आणि किंमत पाच हजारांच्या आत दाखवली गेली, तर पहिल्यांदा दोषी ठरलेला चोर माल किंवा त्याची किंमत परत देऊन सामाजिक सेवेवर सुटू शकतो. तेव्हा फिर्यादीत केबलची लांबी आणि बिलाची रक्कम नीट येऊ द्या. जाळलेल्या तांब्याची भंगारातली किंमत लिहू नका.

मोक्क्याचा रस्ताही बंद झालेला नाही. पूर्वपरवानगी लागते ती किमान उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची, म्हणजे आपल्या जिल्ह्यापुरतं नाशिक परिक्षेत्राच्या विशेष महानिरीक्षकांकडे प्रस्ताव जातो. तो तिथे टिकायचा तर बऱ्हाणपूरच्या मोटारचोरीचा खटला क्रमांक आणि न्यायालयाने दखल घेतल्याची तारीख त्यात हवी. नुसता गुन्हा नोंदवल्याचा क्रमांक देऊन भागत नाही. ती तारीख दोषारोपपत्राच्या प्रमाणित नकलेसोबतच्या पहिल्या आदेशात सापडते. बऱ्हाणपूरच्या न्यायालयात नकलेचा अर्ज करायला कुणी जाणार असेल, तर दोन्ही आरोपींच्या नावांनी शोध घ्यायला सांगा.