मैत्रीच्या मांडवांतील दुकान

फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप हीं नांवें कोणाच्याच तोंडीं नाहींत असें सुशिक्षित घर आज विरळाच. तथापि हीं समाजमाध्यमें फुकट कशीं चालतात, त्यांचा प्रचंड खर्च कोण सोसतो, हा प्रश्न मात्र आम्हीं फारशा घरांत विचारलेला ऐकला नाहीं.

आपल्याकडील तरुण मंडळींस प्रथम वेड लाविलें तें 'ऑर्कुट'नें. २००४ सालीं निघालेलें हें स्थळ २०१४ सालीं बंदहि झालें. त्याच २००४ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील मार्क झुकरबर्ग या विद्यार्थ्यानें सहाध्यायांच्या साहाय्यानें फेसबुक काढिलें. पुढें त्या कंपनीनें २०१२ सालीं इन्स्टाग्राम व २०१४ सालीं व्हॉट्सॲप विकत घेतलें. म्हणजे वाचकांस जीं तीन निरनिराळीं दुकानें वाटतात, त्यांचा मालक एकच. २०२१ पासून त्याचें नांव 'मेटा'.

या मालकास २०२३ सालीं सुमारें १३५ अब्ज डॉलर उत्पन्न झालें, व त्यांतील शेंकडा ९७ हून अधिक जाहिरातींचें होतें. वर्तमानपत्रांतील जाहिरात सर्वांस एकच दिसते. येथें तसें नाहीं. आपण कोणतें चित्र किती वेळ पाहिलें, कोणास 'लाइक' दिलें, कोणत्या गांवीं राहतों, यांवरून आपली आवडनिवड ताडिली जाते, आणि क्षणार्धांत जाहिरातदारांमध्यें लिलाव होऊन त्यांत सरस ठरलेली जाहिरात आपल्यापुढें येते. कंपनी आपली माहिती विकते असें सरसकट म्हणतात, तें नेमकें नाहीं. माहिती ती स्वतःपाशीं ठेविते. विकते ती आपली दृष्टि. (ठेविलेली माहिती नीट सांभाळली जातेच असें मात्र नाहीं. २०१८ सालीं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणांत ८ कोटि ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती परहस्तीं गेली असावी, असें खुद्द फेसबुकनेंच सांगितलें.)

तरीहि हें सारें मोहजाल म्हणून झिडकारणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. घरीं मेतकूट, भाजणी वा दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या गृहिणीस पूर्वीं गिऱ्हाईक मिळे तें आळीपुरतें. आज चार छायाचित्रांच्या बळावर ती परगांवच्या, प्रसंगीं परदेशांतील मराठी घरापर्यंत पोंचते, आणि दुकानाचें भाडें पडत नाहीं. स्वतःच्या हातची ही कमाई तिला एकत्र कुटुंबांत जो मान मिळवून देते, तो हिशेबाच्या वहींत मांडतां येणार नाहीं.

आमची तक्रार आहे ती वेषांतर केलेल्या जाहिरातीविषयीं. दुकानदार माल वाखाणतो तेव्हां गिऱ्हाईक सावध असतें. परंतु जिला आपण रोज पाहतों, जिचें डोहाळजेवण व बाळाचें बारसें आपण पाहिलें, ती तरुणी एखाद्या तेलाची स्तुति करूं लागली कीं आपली भाचीच बोलते आहे असें वाटतें. तिला मोबदला मिळाला आहे कीं काय, हें कोण सांगणार? भारतीय जाहिरात मानक परिषदेनें २०२१ सालीं अशा स्तुतीवर जाहिरातीची स्पष्ट खूण असावी असा नियम केला; पण ती खूण न वाचतांच बोट पुढें सरकतें. मुलांच्या बाबतींत २०२३ चा भारतीय कायदा अधिक कडक आहे: अठरा वर्षांखालील मुलांस लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींस त्यांत मनाई आहे. मात्र नातू आजोबांचा फोन घेऊन बसला, तर कंपनीस ते आजोबाच दिसणार!

फेसबुकवरील जाहिरातीच्या कोपऱ्यांत तीन ठिपके असतात. तेथून 'ही जाहिरात मला कां दिसते' याचें उत्तर थोडक्यांत मिळतें. एखाद्या सायंकाळीं घरांतील मंडळींनीं आपापलीं उत्तरें एकमेकांस वाचून दाखवावीं. सासरे, सून व नातू यांच्याविषयीं कंपनीनें काय काय समजून ठेविलें आहे, हें ऐकतांना पुष्कळ करमणूक होईल; आणि एखाद्या उत्तराशीं मंडळी एकाएकीं गप्पहि होतील.