मातीची भिंत, मातीचे चित्र

वर्ध्याहून सुमारे आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. विदर्भातील बहुतेक शिक्षक कधी ना कधी मुलांची सहल घेऊन तेथे गेलेले असतात. बापूकुटीत शिरल्यावर मुले गांधीजींची बैठक पाहतात, चरखा पाहतात आणि रांगेतून पुढे सरकतात. आम्हीही पहिल्या खेपेला तसेच केले होते. दुसऱ्या खेपेला मात्र भिंतींकडे लक्ष गेले. मातीच्या त्या भिंतींवर ताडाच्या जातीची झाडे आहेत, मोर आहे, चरखा आहे, ॐ आहे. ही चित्रे रंगवलेली नाहीत. ओली माती भिंतीवर थापून, बोटांनी आकार देऊन ती उठवलेली आहेत.

ही उठावचित्रे मीराबेन यांनी केली. त्यांचे मूळ नाव मॅडेलिन स्लेड. १९२५ मध्ये त्या इंग्लंडहून गांधीजींकडे आल्या. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगाव या खेड्यात राहायला आले, त्याआधीच मीराबेन तेथे काम करू लागल्या होत्या. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो ती आधी मीराबेन यांची झोपडी होती. पुढे गांधीजी तीत राहू लागले. १९४० मध्ये शेगावचे नाव सेवाग्राम झाले.

आता एक दूरचे उदाहरण पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डिस्नीलँड या करमणूक उद्यानात १९६७ मध्ये मेरी ब्लेअर या चित्रकर्तीची दोन लांबलचक भित्तिचित्रे बसवण्यात आली. ती भट्टीत भाजलेल्या, चकचकीत लुकण दिलेल्या फरशांची होती. अशा फरशीला पाऊस, ऊन, वाळवी कशाचेच भय नसते. तरीही त्यातले एक चित्र १९८०च्या दशकात आणि दुसरे १९९८ मध्ये दिसेनासे झाले. उद्यानात नवे खेळ आले, इमारतींचे रूप बदलले आणि चित्रे नव्या आवरणाखाली गेली.

शेकडो वर्षे टिकू शकणारी फरशी तीस-एकतीस वर्षांत नजरेआड झाली आणि बादलीभर पाण्यात विरघळेल अशी माती ऐंशीहून अधिक वर्षे डोळ्यांसमोर आहे. हे कसे? हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. त्याच्या उत्तराचा अर्धा भाग पदार्थविज्ञानात आहे आणि अर्धा माणसांच्या सवयीत.

माती कशी धरून राहते?

भिंतीच्या मातीत वाळू, गाळ आणि चिकणमाती असे तीन प्रकारचे कण असतात. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान आणि पापुद्र्यासारखे चपटे असतात. ते वाळूच्या कणांना एकमेकांशी धरून ठेवतात. मात्र सर्व चिकणमाती सारखी नसते. आपल्या काळ्या शेतजमिनीत माँटमोरिलोनाइट या खनिजाचे प्रमाण मोठे असते. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरले की ते फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा याच कारणाने पडतात. म्हणून घराच्या भिंतीला काळी माती वापरत नाहीत. गावकरी पांढरी माती शोधून आणतात. तीत कुटार किंवा गवताचे तुकडे मिसळतात. हे धागे वाळताना पडणारा ताण वाटून घेतात, त्यामुळे एका मोठ्या भेगेऐवजी अनेक बारीक, निरुपद्रवी भेगा पडतात. शेणातील न पचलेले तंतूही हेच काम करतात.

भाजलेल्या विटेत किंवा फरशीत भट्टीच्या उष्णतेने चिकणमातीची रचना कायमची बदललेली असते. ती पुन्हा कधी भिजून चिखल होत नाही. कच्च्या मातीत हा बदल झालेला नसतो. पाणी हा तिचा शत्रू तो याचसाठी. पण दुरुस्ती सोपी होते तीही याचसाठी: तुटलेला भाग ओला करून त्याच मातीने पुन्हा भरता येतो.

पाणी वर चढते

मातीच्या भिंतीवर पाणी दोन बाजूंनी येते. एक वरून, पावसाचे. त्यासाठी कवेलूंचे पुढे आलेले छप्पर आणि पडवी असते. सेवाग्रामला पावसाळ्याआधी कुट्यांच्या भिंतींना बाहेरून सिंदीच्या पानांच्या झांज्याही बांधतात. झडीच्या दिवसांत पावसाचा मारा त्या झांज्या सोसतात, भिंत कोरडी राहते.

दुसरे पाणी जमिनीतून वर चढते. हे केशाकर्षण. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते, ०.१ मिलिमीटर व्यासाच्या नळीत सुमारे ३० सेंटिमीटर. मातीतील छिद्रे याहूनही बारीक असतात. भिंत उघडी असेल तर चढलेले पाणी तिच्या पृष्ठभागातून बाष्प होऊन निघून जाते आणि ओल ठरावीक उंचीवर थांबते. भिंत 'श्वास घेते' असे लोक म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच.

चांगल्या हेतूने केलेली हानी

चित्र जुने झाले की आपल्याला वाटते, त्यावर काहीतरी पक्के लावावे. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील शाळेत मुलांनी मातीच्या भिंतीवर केलेले मोर आणि झाडे पाहून आम्हीच पारदर्शक व्हार्निश लावण्याचा सल्ला दिला होता. पहिले वर्ष चित्र छान चमकले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर व्हार्निशचे पापुद्रे सुटले आणि प्रत्येक पापुद्र्याबरोबर चित्राची मातीही निघून आली. जमिनीतून चढलेल्या पाण्याला बाहेरची वाट आम्ही बंद केली होती. पाण्याबरोबर आलेले क्षार त्या पातळ थरामागे साठले. क्षारांचे स्फटिक वाढताना छिद्रांच्या भिंतींवर दाब देतात. शिवाय सोडियम सल्फेटसारखा क्षार कोरड्या रूपातून पाणीयुक्त रूपात जाताना तिपटीहून अधिक जागा व्यापतो. माती आतून भुसभुशीत होते. सिमेंटच्या गिलाव्यानेही हेच घडते. उलट खालची वाट बंद झाल्याने ओल आणखी वर चढते.

आमच्यासारखी चूक मोठ्या ठिकाणीही झाली आहे. अजिंठ्याची चित्रेही मातीच्याच गिलाव्यावर आहेत. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी तेथे सुटणारा गिलावा जागेवर बसवला. ते काम मोलाचे होते. पण चित्रांवर लाखेचे व्हार्निशही चढवले गेले. काळाबरोबर ते पिवळे, मग तपकिरी झाले आणि मूळ रंग झाकले गेले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ते काळजीपूर्वक काढत बसावे लागले. यातून जतनशास्त्राने एक नियम घेतला: जे पुढे काढता येणार नाही ते लावू नये, आणि मूळ पदार्थाहून कठीण, बंद पदार्थ त्याच्यावर चढवू नये.

निगेचाही हिशोब

मग दर वर्षी मातीनेच सारवत राहिले की झाले, असे वाटेल. तेही पूर्ण खरे नाही. समजा, एका उठावचित्रात ४ मिलिमीटर रुंदीची खाच आहे, मोराच्या पिसातली. दर वर्षीच्या सारवणाने खाचेच्या दोन्ही काठांवर ०.१ मिलिमीटर माती बसली, तर खाच वर्षाला ०.२ मिलिमीटरने अरुंद होईल आणि वीस वर्षांत बुजेल. चित्राचा उठाव तेवढाच राहील, पण पीस नाहीसे होईल. म्हणजे निगा न राखल्याने चित्र जाते, तसे डोळे मिटून निगा राखल्यानेही जाते, आणि हळूहळू गेल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. उपाय साधा आहे. भिंत सारवावी, चित्र सोडावे. चित्राचा फक्त तुटलेला भाग जुळत्या मातीने भरावा. आणि दुरुस्तीच्या आधी व नंतर मोजमाप आणि छायाचित्र ठेवावे.

वर्गात करून पाहा

१. काळी माती, पांढरी माती आणि कुटार मिसळलेली पांढरी माती यांच्या सारख्या आकाराच्या तीन वड्या थापा. सावलीत वाळू द्या. भेगा मोजा, वडी किती आकसली ते पट्टीने पाहा.

२. भाजलेल्या दोन विटा घ्या. एकीच्या चारही उभ्या बाजूंना तैलरंग द्या. रंग वाळल्यावर दोन्ही विटा मिठाच्या पाण्याच्या ताटात उभ्या ठेवा. पाणी १ सेंटिमीटर असू द्या. दोन आठवडे रोज ओल कोठवर आली आणि पांढरे क्षार कोठे दिसतात याची नोंद करा. कच्ची वीट का चालणार नाही, हे मुलांनाच सांगू द्या.

३. गावात मातीच्या भिंतीवर गेरू-चुन्याची किंवा उठावाची चित्रे उरली असतील तर त्यांची यादी करा. अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा प्रकाश भिंतीला जवळजवळ समांतर टाका. पुसट झालेला उठावही सावलीमुळे उमटतो. शेजारी पट्टी धरून छायाचित्र घ्या. चित्र कोणी केले, माती कोठून आणली, शेवटचे कधी सारवले, हे घरातल्या आजीला विचारून लिहून ठेवा.

यातला तिसरा प्रयोग आधी करावा, असे आम्ही सुचवू. बापूकुटीची भिंत सांभाळायला माणसे आहेत. गावातली मातीची घरे मात्र दर उन्हाळ्यात पाडली जात आहेत, आणि त्यांच्या भिंतींवरच्या चित्रांचे एकही छायाचित्र बहुधा कोणाकडे नसते. पुढची भिंत पडण्याआधी तेथे एखादा वर्ग पट्टी आणि टॉर्च घेऊन पोहोचला, तर निदान ते चित्र कसे होते एवढे तरी कळेल.