धास्ती मोजणारी माणसे

पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराला 31 मे 2016 रोजी मध्यरात्र उलटल्यावर आग लागली. स्फोटांच्या आवाजाने आसपासच्या खेड्यांतील माणसे अंथरुणावरून उठली आणि मुलाबाळांना घेऊन मिळेल त्या वाटेने निघाली. त्या आगीने सोळाहून अधिक बळी घेतले. पुढे 20 नोव्हेंबर 2018 रोजी निकामी दारूगोळा नष्ट करताना पुन्हा स्फोट झाला व सहाजण प्राणास मुकले; मजुरीसाठी आलेले ग्रामस्थही त्यांत होते. मृतांची व जखमींची मोजदाद झाली. परंतु रात्री भांडे पडले तरी ज्याचा जीव दचकतो, त्याची नोंद कोणत्या वहीत होते?

अशी नोंद करता येते, हे मानसशास्त्राने केव्हाच दाखवून दिले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पीलबर्गर यांनी सहकाऱ्यांसह 1970 मध्ये चाळीस विधानांची प्रश्नावली सिद्ध केली. त्यांतील वीस विधाने या क्षणीची चिंता मोजतात आणि उरलेली वीस स्वभावातच मुरलेली चिंता. स्फोटाच्या रात्रीची धडधड वेगळी आणि वर्षानुवर्षे उशाशी बसलेला घोर वेगळा, हा भेद पुलगावकरांस समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रश्नावली मात्र आपण होऊन कोणाच्या दारी जात नाही. ती घेऊन जाणारे माणूस लागते. प्रयोगशाळा म्हटली की काचेच्या नळ्या व पांढरे डगले डोळ्यांपुढे येतात. या संशोधनाची खरी प्रयोगशाळा म्हणजे आरोग्यकेंद्रातील बाक किंवा घराची ओसरी होय.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या ‘संगाथ’ या संस्थेने केलेला ‘मानस’ प्रयोग या दृष्टीने लक्षणीय आहे. त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. चोवीस दवाखाने आणि चिंता व नैराश्य यांनी ग्रासलेले 2,796 रुग्ण, असा त्याचा व्याप होता. समुपदेशनाचे काम स्थानिक पदवीधर स्त्रियांनी केले. वैद्यकाशी पूर्वसंबंध नसलेल्या या स्त्रियांना दोन महिन्यांचे प्रशिक्षण देण्यात आले. निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी सरकारी केंद्रांत शेकडा 65.9 सहा महिन्यांत बरे झाले. जेथे ही सोय नव्हती तेथे शेकडा 42.5. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. तेथील डॉक्टर सारे घर ओळखून असतो, हे कदाचित त्याचे कारण असावे. ऐकून घेणारे माणूस अगोदरच असेल, तर नव्याने आणावे लागत नाही.

गोवा दूर वाटत असेल, तर पुलगावहून वर्धा नदी ओलांडावी. पलीकडे अमरावती जिल्हाच लागतो. तेथील तीस खेड्यांत याच मंडळींनी ‘विश्राम’ प्रकल्प राबविला. विषय मुख्यतः नैराश्याचा होता. पण चिंता व नैराश्य ही एकाच घरात नांदणारी भावंडे. डॉ. राहुल शिधये व सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण शेकडा 4.3 वरून 27.2 वर गेले. गावातच शिकून तयार झालेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून लोकांना बोलते केले, त्याचे हे फळ.

शोधनिबंधावर प्राध्यापकांची नावे येतात. ते योग्यच आहे. परंतु कार्यकर्त्याचे मानधन अनुदानाशी बांधलेले असते. अनुदानाची मुदत भरते, फाइल बंद होते आणि ज्याच्याजवळ गावाने मन मोकळे केले तो दुसऱ्या कामाच्या शोधात निघतो. त्याने मिळविलेला विश्वास प्रश्नावलीच्या गठ्ठ्यासारखा पुढच्या माणसाच्या हाती सोपविता येत नाही.

मानसिक आरोग्यसेवा हा 2017 च्या कायद्याने नागरिकाचा हक्क ठरला आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ची 14416 क्रमांकाची दूरध्वनीसेवाही सुरू झाली; रात्री-अपरात्री तिचा आधार मोठाच. पण फोन उचलावा हे सुचण्यासाठीसुद्धा आधी कोणीतरी समोर बसून विचारावे लागते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक जिल्ह्याच्या ठिकाणी असते. पुलगावहून वर्धा सुमारे तीस किलोमीटर. रोजंदारीवरील मजुराने झोप येत नाही एवढे सांगण्यासाठी तेथे जायचे, तर त्या दिवसाची मजुरी बुडते.