कान उत्तर देतो

दोन दिवसांचं बाळ दूध पिऊन गाढ झोपलेलं असतं. त्याच्या कानात मऊ टोकाची बारीकशी नळी बसवतात. नळीतून टिकटिक आवाज आत जातो आणि काही सहस्रांश सेकंदांत आतून आवाज परत येतो. हा नुसता प्रतिध्वनी नव्हे. तो कानाने स्वतः तयार केलेला असतो!

1978 साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी हा आवाज मोजून दाखवला, तेव्हा अनेक तज्ज्ञांना ते पटेना. कानाने ऐकायचं, बोलायचं थोडंच? पण आतल्या कानात, शंखासारख्या वळलेल्या कर्णावर्तात, सुमारे 12,000 बाह्य केसपेशी असतात. आवाज पोचला की त्या क्षणोक्षणी आखडतात, लांबतात आणि मंद आवाजाला बळ देतात. त्या हालचालीतला इवलासा अंश उलट वाटेने बाहेर येतो आणि नळीतला मायक्रोफोन तो टिपतो. या तपासणीला ओएई म्हणतात. बाळाला जागंही व्हावं लागत नाही.

इतक्या लवकर कान तपासायची घाई कशाला? कारण शब्द फुटण्याच्या कितीतरी आधी भाषा सुरू झालेली असते. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली एक विलक्षण गोष्ट नोंदवली. घरात फक्त इंग्रजी ऐकणारी सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखत होती. वर्षाची होईपर्यंत त्यांची ही जाण ओसरली, कारण घरात तो भेद कुणी करतच नव्हतं. ‘ताट’ ऐकत वाढणाऱ्या आपल्या बाळाचा मेंदू त्याच महिन्यांत तो पक्का करत असतो. ज्या बाळापर्यंत आवाजच पोचत नाही, त्याचे हे महिने रिकामे जातात.

आणि बाहेरून काही कळत नाही, हे सर्वांत अवघड. ऐकू न येणारं बाळही सुरुवातीला हुंकार देतं, खुदकन हसतं. फरक उमटतो तो ‘बा-बा-बा’, ‘दा-दा-दा’ अशा स्पष्ट बडबडीत. ऐकणारी बाळं साधारण दहा महिन्यांच्या आत तिथे पोचतात, ऐकू न येणारी मागे राहतात. तोवर घरात ‘बोलेल की, याचा बापही उशिराच बोलला’ असं प्रेमाने म्हटलं जातं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांच्या 1998 सालच्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत दोष लक्षात येऊन मदत मिळालेल्या मुलांची भाषा इतरांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. म्हणून पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत मदत, असा दंडक पडला.

मदत फक्त श्रवणयंत्राचीच असते असं नाही. घरात खुणांची भाषा मिळालेली बाळं हातांनी ‘बडबडतात’, हे लॉरा-अ‍ॅन पेटिटो यांनी 1991 साली दाखवलं. मेंदूला भाषा हवी असते, मग ती कानातून येवो वा डोळ्यांतून.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला झाली. जन्मजात बहिरेपण आणि भाषेतला विलंब हे दोन्ही त्याच्या तपासणीच्या यादीत आहेत. पुढची तपासणी जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे लवकर मदत देणाऱ्या केंद्रात, होते.

पहिल्या ओएईत बाळ ‘पास’ झालं नाही, तर घाबरू नये. कानात राहिलेल्या ओलाव्यानेही तसं होतं. मात्र पुन्हा तपासणी टाळू नये. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहिलेल्या बाळासाठी बेरा तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं, कारण कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतला दोष ओएईला दिसत नाही, बेराला दिसतो.

‘पास’ झालेल्या बाळाकडेही लक्ष हवंच. वर्षाचं होऊनही बडबड नाही, बोटाने दाखवणं नाही; सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही; किंवा दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’सारखी दोन शब्दांची जोडी नाही, तर कान आणि विकास दोन्ही तपासून घ्यावेत. आणि आलेले शब्द मूल विसरू लागलं, तर वय कितीही असो, लगेच डॉक्टरांना दाखवावं.